नुसतं ऐकायचं यंत्र

हॉलंडमधल्या न्यूनेन गावातल्या आमच्या घरात आवाजांना कधीच तोटा नव्हता. माळ्यावर वॉशिंग मशीन धडधडायचं, मधल्या खोलीत बाबा लॅपटॉपपुढे बसून जगाच्या चार कोपऱ्यांतल्या लोकांशी एकदम बोलायचे, आणि स्वयंपाकघरात शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा असा घोंघावायचा की त्याच्यावर ताण करायला आईला प्रत्येक वाक्य वरच्या पट्टीत म्हणावं लागे. गाव मात्र इतकं गप्प की शेजारच्यांनी खुर्ची सरकवली तरी आम्हाला कळायचं. आई म्हणायची, "या गावात भांडायचं तर आधी खिडक्या लावून घ्याव्या लागतात." वारा नैऋत्येचा असला की आइंडहोवनला उतरणारी विमानं आमच्या बाजूनं येत. त्यात प्रवाशांची चकचकीत विमानं असत, आणि अधूनमधून लष्कराची, राखाडी, जाडजूड, पोटात ट्रक मावतील अशी मालवाहू विमानंही असत. तसलं एखादं आलं की आईचा हात थांबायचा. तव्यावर पोळी करपू लागली तरी ती खिडकीतून मान वर करून बघत राहायची. विमान दिसेनासं झालं की "केवढा आवाज करतात मेले!" असं म्हणून पोळी उलटायची. ती करपलेली पोळी मग बाबांच्या ताटात जायची, आणि बाबा काही न बोलता ती खायचे.

माझा नंदूमामा भारतीय हवाई दलात असलीच विमानं चालवायचा, आणि आई त्याच्याशी बोलत नव्हती. माझे आजोबा नाशकात आजारी पडले तेव्हा घरच्यांनी मिळून ठरवलं की ताईला कळवायचं नाही. परक्या मुलखात एकटी आहे, उगाच तिचा जीव टांगणीला लागेल, धावपळ करेल. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराला ही पद्धत ठाऊक असेल. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून फोन घ्यायचा आणि "आत्ताच जेवून उठलो" असं हसत सांगायचं. मामा सुट्टी काढून आजोबांजवळ होता. आई रोज फोन करायची, आणि रोज तो सांगायचा, "बाबा झोपलेत गं, उठले की सांगतो." एके दिवशी त्यानं स्वतःहून फोन केला. तोवर सगळं आटोपलेलं होतं. आई रडली नाही, ओरडली नाही. ओट्याला टेकून उभी होती, तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "नंदू, जायचं की नाही ते माझं मला ठरवू द्यायचं होतंस. आता मला फोन करू नकोस." मामाही त्याच पिठाचा. करू नकोस म्हटल्यावर त्यानं खरोखरच केला नाही.

भाऊ लांब असला तर भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची आपल्याकडे रीत आहे. आई न्यूनेनच्या अंगणात दर वर्षी ओवाळायची. हॉलंडच्या त्या दिवसांतलं आभाळ म्हणजे ओल्या गोधडीसारखं, चंद्र दिसेल तर शपथ. पण ती निरांजन घेऊन बाहेर यायची, बाबा फोनवर बघून चंद्र कुठल्या दिशेला असेल ते सांगायचे, आणि ती अंदाजानं त्या ढगाला ओवाळायची. मामाशी बोलणं तुटलं त्या वर्षी तिनं तबक काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "चंद्र कुठं दिसतोय?" जणू आधी दर वर्षी दिसायचा! मी तेव्हा लहान होते, पण एवढी लहान नव्हते. मला मामा हवा होता. सुट्टीत नाशकाला गेलं की तो मला खांद्यावर घेऊन विमानासारखा वळायचा आणि वळताना विमानतळाशी बोलल्यासारखं गंभीरपणे इंग्रजीत परवानगी मागायचा. आईच्या आणि त्याच्या अबोल्यात माझाही मामा गेला होता, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी पंधरा वर्षांची असतानाची गोष्ट. नाशकातल्या आजीच्या तोंडात तीळ भिजत नसे. व्हिडिओ कॉलवर ती नेहमी कपाळापासून वरचीच दिसायची, आणि त्या कपाळानं एका रविवारी मला सांगितलं, "अगं, नंदू विमान घेऊन तिकडंच येतोय. कुठंतरी सराव आहे म्हणे, पेपरात आलंय. येताना तुमच्या त्या गावाला पेट्रोल भरायला थांबणार."

"आमच्या गावाला? आइंडहोवनला?"

"तेच ते. पुढच्या गुरुवारी. पण कुणाला सांगू नकोस, आणि तुझ्या आईला तर मुळीच नको."

आई माझ्या पाठीमागेच उभी होती. तिनं पुढे वाकून "आई, गोळ्या घेतल्यास का?" एवढंच विचारलं आणि ती कोथिंबीर निवडायला निघून गेली.

आता माझं वय तेव्हाच्या आईपेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे तिच्या हट्टाचं कौतुक वाटतं. तेव्हा नुसता संताप यायचा. मी जेवताना विषय काढला. मामा काही तास आपल्यापासून सायकलच्या अंतरावर असणार, आपण भेटूया. बाबा म्हणाले, ती माणसं हवाई तळाबाहेर पडत नाहीत आणि आपल्याला आत कुणी सोडणार नाही. मग फोन करूया. आई म्हणाली, "ज्यानं तोडलं त्यानं करावा." मी म्हणाले, तोडलं तूच होतंस. त्यावर ती ताट घेऊन उठली. मी खोलीत जाऊन पडले आणि विचार करत राहिले. दोघांतलं आधी कोण बोलणार, इथं सगळं अडलं होतं. आणि मला एकदम सुचलं की गुरुवारी मामा बोलणारच आहे. रुसला असो वा नसो, विमान उतरवायचं तर त्याला बोलावंच लागणार. ते आईच्या कानावर पडलं म्हणजे झालं. कुणी कुणापुढे नमण्याचा प्रश्नच उरत नाही. आईला मामाचा आवाज ऐकवायचाच, असं मी तेव्हा ठरवलं. पुढचं मला काही सुचलं नव्हतं, आणि सुचायची गरजही वाटत नव्हती.

बाबांना मी विश्वासात घेतलं. ते आधी घाबरले. "लष्कराचं बोलणं ऐकायचं? गार्गी, आपला इथं राहायचा परवाना माझ्या नोकरीवर आहे. उद्या पोलीस दारात आले तर?" मी त्यांना शोधून दाखवलं की इथं ऐकायला बंदी नाही, परवाना लागतो तो बोलायला. मग मात्र त्यांच्यातला पुण्याचा इंजिनिअर जागा झाला. त्यांनी एक्सेल उघडलं. आमच्या घरी पातेलंसुद्धा एक्सेलमधून येई. एका बाजूला सगळे रेडिओ, दुसऱ्या बाजूला गुण: किती पट्टे म्हणजे बँड, किती चॅनेल, बॅटरी किती, पाण्यात पडला तर काय. विमानांचं बोलणं ऐकायचे खास रेडिओ त्यात तळाला गेले, कारण ते बिचारे फक्त ऐकायचेच. "हे बघ," बाबा म्हणाले, "नुसतं ऐकायचं यंत्र घेऊन काय करायचं? याच्या निम्म्या भावात बोलायचंही मिळतंय. वर टॉर्च आहे."

"बाबा, आपण बोलणारच नाहीये. आणि टॉर्च कशाला?"

"असूदे गं. लागतो कधीतरी."

तो टॉर्चवाला वॉकीटॉकी आला. दिसायला रुबाबदार, हातात धरला की आपण कुणीतरी आहोत असं वाटावं असा. बाबांनी बोलायचं बटण दाबलं जाऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच बंद करून टाकलं. आम्ही दोघं माळ्यावर वॉशिंग मशीनशेजारी बसून दोन दिवस त्याची बटणं दाबत होतो. विमानांच्या आकड्यांवर, म्हणजे फ्रिक्वेन्सींवर, नुसती फसफस. शेवटी एका आकड्यावर स्पष्ट माणूस सापडला, आणि बाबांनी माझा हात घट्ट धरला. तो माणूस डचमध्ये म्हणत होता, "अजून थोडं डावीकडे, थोडं, थोडं, बस." मग म्हणाला, "आता कॉफी." तो चर्चच्या पलीकडच्या बांधकामावरचा क्रेनवाला होता. बाबा म्हणाले, "आवाज मात्र खणखणीत आहे हं." त्यांच्या खरेदीला कुणी नाव ठेवलेलं त्यांना आजही चालत नाही, म्हणून हे इथं फक्त लिहून ठेवते.

मग मी सायकल काढली आणि तळाच्या कुंपणापाशी गेले. तिथं विमानं बघायला रोज काही माणसं येतात हे मला माहीत होतं. त्या दिवशी एकच होता. घडीच्या शिडीवर उभा, गळ्यात दुर्बीण, कानात तार. विलम त्याचं नाव, निवृत्त दातांचा डॉक्टर. त्यानं माझ्या हातातला वॉकीटॉकी असा बघितला, जसा किडलेला दात बघत असेल.

"हा एफएम आहे," तो म्हणाला. "विमानं एएमवर बोलतात. यातून तुला टॅक्सीवाले ऐकू येतील, वैमानिक नाही."

"क्रेनवाला ऐकू आला," मी म्हणाले.

तो हसला आणि शिडीवरून उतरला. मी त्याला सगळं खरं सांगितलं, कारण खोटं रचायला डच भाषेत मला नेहमीच जास्त वेळ लागायचा. ऐकून तो म्हणाला, की तीन गोष्टी बघ. एएम ऐकणारा हवा. प्रवासी विमानांचा पट्टा आणि लष्कराचा पट्टा हे दोन वेगळे आहेत, तो लष्कराचा वरचा पट्टा हवाच. आणि बाहेरचा अँटेना जोडायला जागा हवी, कारण घरात बसून आभाळ ऐकू येत नाही. बाकी रंगीत पडदे वगैरे दुकानदाराच्या फायद्यासाठी असतात. मी म्हणाले, माझ्याकडे थोडेच दिवस आहेत. त्यानं त्याचा जुना, फक्त प्रवासी पट्टा ऐकणारा रेडिओ तोवर कानाला सवय व्हावी म्हणून मला दिला. "पण याच्यावर भरवसा ठेवू नकोस," असंही त्यानं दोनदा सांगितलं.

तो रेडिओ मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. मुद्दामच ठेवला. आई पोळ्या लाटत होती. थोड्या वेळानं विमानतळावरचा माणूस बोलायला लागला: इतक्या उंचीवर ये, इकडे वळ. मग शांतता. मग पुन्हा तोच: बरोबर, आता अजून खाली ये. मग पुन्हा शांतता. एक लष्करी विमान खाली येत होतं, खिडकीतून दिसतही होतं.

आईच्या दोन पोळ्या लाटून झाल्या. मग लाटणं न थांबवता म्हणाली, "हा एकटाच काय बडबडतोय? समोरचा उत्तर देत नाही का?"

"देतोय. तो वरच्या पट्ट्यावर बोलतोय. हा माणूस दोन्ही पट्ट्यांवर एकदम बोलतो म्हणून ऐकू येतो. वैमानिकाचं या रेडिओत येत नाही."

"म्हणजे तो बोलतोय, आणि आपल्यालाच ऐकू येत नाही."

"हो."

आईनं पोळी तव्यावर टाकली. ती तिनं चांगली भाजली, दोन्ही बाजूंनी, पदर सुटेपर्यंत. मग म्हणाली, "मग असला अर्धवट रेडिओ आणलास कशाला?"

विलमनं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी असलेले रेडिओ दुकानात होते, पण ते यायला आठवडे लागणार होते. जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर मास्ट्रिख्ट शहरातल्या एका बाईंची जाहिरात सापडली. त्या मोठं घर सोडून छोट्या फ्लॅटमध्ये आल्या होत्या आणि स्वतःचे दोन रेडिओ विकत होत्या. शनिवारी बाबांचं काम निघालं. आई म्हणाली, "अनोळखी माणसाच्या घरी एकटी जायचं नाही. मी येते. मला त्या रेडिओशी काही देणंघेणं नाही." असं म्हणून तिनं डब्यात मेथीचे ठेपले घेतले, थर्मासमध्ये चहा घेतला, आणि आगगाडीत बसल्यावर रूरमोंड स्टेशन येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्या बाई सत्तरीच्या, ताठ, केस अगदी बारीक कापलेले. सीमेपलीकडे जर्मनीत एक तळ होता, तिथली विमानं त्या कित्येक वर्षं ऐकत आल्या होत्या. त्यांनी टेबलावर दोन रेडिओ ठेवले. एक नवा, तळहातात मावणारा, रंगीत पडद्याचा, हजारभर जागा लक्षात ठेवणारा. दुसरा जुना, विटेएवढा, पुढे मोठी जाळी आणि बाजूला गोल खुंटी. मी तिन्ही गोष्टी तपासल्या, दोन्हींत होत्या. माझा जीव नव्यावर जडला. मी पैसे काढणार, तेवढ्यात आईनं खुर्ची पुढे ओढली. "दोन्ही लावायला सांग," ती मला म्हणाली.

बाईंनी लावले. योगायोगानं वर कुणीतरी होतं. आधी नव्यातून, मग जुन्यातून, एकाच वैमानिकाचं बोलणं आलं. आई नारळ घेताना जशी कानाशी धरून हलवायची, तशी मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होती. "पुन्हा," ती म्हणाली. बाईंना मराठी कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा लावलं. आई डोळे उघडून म्हणाली, "हा घ्यायचा. जुना."

"आई, पण नव्यात हजार चॅनेल आहेत! ह्याला बघ ना, ही खुंटी हातानं फिरवायला लागते."

"आपल्याला एकाचाच आवाज ऐकायचाय ना? मग हजारांचं काय लोणचं घालायचंय? नव्यात माणूस डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो. ह्याच्यात श्वास घेतलेला कळतो."

ती 'आपल्याला' म्हणाली होती. मी त्यावर काहीही बोलले नाही. तेवढी अक्कल मला देवानं त्या क्षणी दिली, एरवी मी तोंडाळच होते. परतीच्या आगगाडीत रेडिओची पिशवी आईच्या मांडीवर होती आणि तिनं दोन्ही हात त्यावर ठेवले होते. वेर्ट स्टेशनच्या पुढे आम्ही ठेपले खाल्ले.

अँटेना कुठं लावायचा हा पुढचा तिढा. बाबांनी आधी तो गॅलरीच्या लोखंडी कठड्याला बांधला, तर खरखर दुप्पट झाली. विलमला विचारलं तर म्हणाला, लोखंडापासून लांब, उंच, लाकडी काहीतरी शोध. आमच्या अंगणातल्या खोपटात उंच आणि लाकडी अशी एकच गोष्ट होती: गुढीची वेळूची काठी. बाबा बिचकले, गुढीच्या काठीला तार बांधावी का? आईनं क्षणभर विचार केला. "पाडव्याला धुऊन घेऊ," ती म्हणाली. काठी कुंपणाला बांधून उभी केली आणि तार स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली, कारण तार तेवढीच पोचत होती. शेजारच्या बाई केर टाकायला बाहेर आल्या. काठीकडे बघून त्यांनी आम्हाला हसून नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. बाबांनी ऑक्टोबर महिन्यात हात जोडून त्या स्वीकारल्या. पोलीस येण्यापेक्षा ते बरं.

शाळेला शरद ऋतूची सुट्टी होती. गुरुवारी मी उठून आधी वारा बघितला. नैऋत्येचा होता. खाली आले तर आईनं भाजणी मळायला घेतलेली. दिवाळी आठवड्यावर आली होती हे खरं, पण चकल्यांना तिला गुरुवारच सापडावा? "मला आज डोकं वर काढायला वेळ नाही," तिनं मी न विचारताच सांगितलं. तेल तापलं, वरचा पंखा घोंघावू लागला, घरभर तिळाचा आणि ओव्याचा वास पसरला. मी खिडकीशी स्टूलावर बसून खुंटी योग्य आकड्यावर धरून होते. बाबा मीटिंगमधून सारखे उठून दारात येत आणि ओठांनीच विचारत, आला का? आई त्यांच्या हातावर एकेक चकली ठेवून त्यांना परत पाठवे.

दुपार व्हायला आली तेव्हा विमानतळावरच्या माणसाच्या बोलण्यात 'इंडियन एअर फोर्स' असे शब्द आले. मी ताठ बसले. मग दुसरा आवाज आला, पण तो इतका लांबचा आणि बारीक, की तेलाच्या चरचरीत आणि पंख्याच्या घोंघाटात त्यातलं काही लागेना. मी कान जाळीला लावला. "आई," मी म्हणाले, "आई, प्लीज." कढईत नुकताच घाणा पडला होता, चकल्या अजून पांढऱ्याच होत्या. माझ्या आईनं आयुष्यात कधी अर्धा घाणा सोडला नव्हता. फोन वाजो, दार वाजो, चकलीशी बेइमानी नाही. तिनं झाऱ्या खाली ठेवला, पंखा बंद केला, शेगडी बंद केली, आणि पिठाच्या हातांनी ओटा धरून खिडकीकडे आली.

घरात पहिल्यांदाच इतकी शांतता झाली. आणि त्या शांततेत मामा बोलला. "आइंडहोवन, गुड मॉर्निंग सर," आणि पुढे उंची, दिशा, आकडे. तो थांबला, खाकरला, आणि उरलेला आकडा त्यानं पुन्हा सांगितला.

"नंदू," आई म्हणाली.

मला खरं सांगायचं तर ओळखू आलं नसतं. मला खांद्यावरचा मामा आठवत होता, आणि हा कुणीतरी थकलेला, घोगरा माणूस होता. पण आई जाळीवर ओणवी झाली होती. तो प्रत्येक वेळी बोलायला लागला की तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मग घरावर खराखुरा आवाज भरून आला, भांडी थरथरली, आणि बाबा मीटिंग तशीच सोडून अंगणात पळाले. मीही पळाले. राखाडी विमान ढगाच्या खालून निघालं, चाकं सोडलेलं, शेपटीवर तिरंगा. आम्ही दोघं वेड्यासारखे हात हलवत होतो. मागे वळून पाहिलं तर आई बाहेर आलीच नव्हती. ती खिडकीत तशीच कान लावून उभी होती, कारण तो अजून बोलत होता.

आता माझ्या कानांना यंत्र लागतं, आणि डॉक्टर ते बसवताना विचारतात की कुठले आवाज नीट यायला हवेत. मी सांगते, माणसांचे. त्या दिवशीची मामाची वाक्यं मोजकीच होती, त्यात आमच्यासाठी काहीच नव्हतं. तो उतरला, 'थँक यू सर' म्हणाला, आणि पट्ट्यावर दुसरंच कुणी बोलू लागलं. मला वाटलं होतं तसंच सगळं झालं होतं, आणि तरी मी स्टूलावर बसून रडवेली झाले. पुढे काय करायचं ते मी ठरवलंच नव्हतं. कढईतल्या चकल्या तेल पिऊन लिबलिबीत झाल्या होत्या. आईनं त्या काढून एका ताटलीत ठेवल्या, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"पेट्रोल भरायला किती वेळ लागतो?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. तास, दोन तास."

"आणि उतरल्यावर फोन चालू करत असतील ना?"

तिनं घड्याळाकडे बघत थोडा वेळ जाऊ दिला. मग फोन घेतला. नंबर तिला शोधावा लागला नाही. पहिल्यांदा नुसतीच घंटा वाजत राहिली. बाबा म्हणाले, "जाऊदे, संध्याकाळी—" तिनं हातानंच त्यांना थांबवलं आणि पुन्हा लावला. दुसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा लावताना तिचा जबडा असा घट्ट होता, की त्या दिवशी मामा चंद्रावर उतरला असता तरी तिनं फोन उचलायला लावला असता. आणि तो उचलला गेला. तिनं फोन स्पीकरवर टाकला होता की घाईत बोट लागलं, मला माहीत नाही. पलीकडे वारा होता, कसलंसं इंजिन चालू होतं.

"ताई?" मामा म्हणाला. "ताई, तू?"

आईनं कसा आहेस, कुठं आहेस काही केलं नाही.

"घसा बसलाय तुझा," ती म्हणाली.

पलीकडे घसा साफ केल्याचा आवाज आला. मग मामा हसल्यासारखं करत म्हणाला, "छे गं, कुठं काय. मस्त आहे मी. आत्ताच जेवून—"

"नंदू." आईचा आवाज चढला नाही, पण बाबा दारातून मागे सरकले. "आत्ता पाऊण तासापूर्वी तू आमच्या डोक्यावर होतास. मी तुझा शब्दन्‌शब्द ऐकलाय. तीनदा खाकरलास. आता मला खोटं सांगायचं नाही. मी लांब आहे म्हणून सांगायचं नाही, घाबरेन म्हणून सांगायचं नाही. मी घाबरेन नाहीतर काय वाटेल ते करीन, ते माझं मी बघीन. काय होतंय?"

इंजिनाचा आवाज लांब गेला, बहुतेक तो बाजूला चालत गेला. मला वाटलं फोन तुटला. मग त्याचा श्वास ऐकू आला.

"चार दिवस झाले," मामा म्हणाला. "रात्री खोकला येतो. झोप नाही नीट." आणि मग, त्याच दमात, जणू त्याला तेवढंच दार उघडायला हवं होतं, "ताई, त्या दिवसांत बाबा झोपलेले नसायचे. ते तुझंच नाव घ्यायचे. मी दारात उभा राहून तुला सांगायचो झोपलेत, आणि ते आतून ऐकत असायचे."

आईनं स्टूल पुढे ओढलं आणि ती बसली.  तिनं दोन्ही हातांनी फोन समोर धरला.

"काय म्हणायचे?" ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांग. मला काही वगळू नकोस."